शुक्रवारच्या गाठी

माणसाने डूख धरला की त्याची भूक मरते, झोप उडते, असं म्हणतात. भिंगबाईंचं तसलं काही झालं नाही. त्या वेळेवर जेवल्या, आडव्या पडल्या की घोरल्या, आणि वीस वर्षं सरांना पाण्यात पाहत राहिल्या. राग सांभाळायलाही शिस्त लागते. ती शिस्त त्यांना सरांनीच लावली होती, हा त्यातला विनोद.

'भिंग' हे नावही सरांचंच. कॅन्सरच्या जनुकांवर काम करणाऱ्या त्या मोठ्या संस्थेत त्या आल्या तेव्हा पंचविशीच्या होत्या, आणि आल्या आल्या त्यांनी सरांच्याच तक्त्यातली चूक सगळ्यांसमोर दाखवली. सर चिडले नाहीत. "या भिंगाला माझ्या शेजारचं टेबल द्या," म्हणाले. तेव्हापासून सरांचा एकही निबंध भिंगाखालून गेल्याशिवाय बाहेर पडेना. सर लिहायचे, ती झोडपायची, सर पुन्हा लिहायचे. बाप-लेकीसारखं चाललं होतं म्हणा ना.

काम असं, की पेशंटच्या गाठीतला डीएनए वाचायचा, त्याच पेशंटच्या रक्तातला वाचायचा, आणि ओळीला ओळ लावून बघायचं. रक्तात जे अक्षर जागेवर आहे आणि गाठीत बदललंय, ते कॅन्सरचं काम. सांगायला सोपं, करायला कंबरडं मोडणारं. गाठी आणायला भिंगबाई स्वतः हॉस्पिटलात जायच्या, बरण्या स्वतः उचलायच्या, नळ्यांवर क्रमांक स्वतः घालायच्या. काही वर्षांत शेकड्यांनी गाठी जमल्या. पुढे निबंध छापून आला, तेव्हा त्यावर पहिलं नाव सरांच्या जावयाचं होतं. नळ्यांच्या फ्रीजचं दार कुठल्या बाजूला उघडतं, हेही त्या गृहस्थाला सांगता आलं नसतं. भिंगबाईंचं नाव पुढे नव्हतं, मागे नव्हतं, आभारांतसुद्धा नव्हतं.

त्या भांडल्या. समिती बसली. समितीपुढे सर अगदी खालच्या आवाजात, घरातलं कोणी गेल्यासारखं तोंड करून म्हणाले, की मुलगी हुशार आहे, पण तिने नळ्यांची अदलाबदल केली, जावईबापूंना सगळं पहिल्यापासून करावं लागलं. झालं. केसाने गळा कापला. या धंद्यात एखाद्या चोराला दुसरी नोकरी मिळेल, पण नळ्या बदलणारीला मिळत नाही.

त्यांचे बाबा शाळामास्तर. लेकीवर त्यांचा विश्वास होता, पण हाडाचे मास्तर. शेवटच्या आजारात त्यांनी एकदा लेकीचा हात धरला आणि हळूच विचारलं, "खरंच नसतील ना गं बदलल्या?" बाकीचं सगळं भिंगबाईंनी एखादवेळेस सरांना माफ केलंही असतं. हा प्रश्न नाही.

पुढे बरीच वर्षं शिकवण्या करून अखेर एका हॉस्पिटलच्या तळघरातल्या लॅबमध्ये त्यांना जागा मिळाली. खिडकी नाही, वरून पाइप जातात, शेजारी कपडे धुण्याची मोठी यंत्रं घरघरतात. तिथे बसून त्या पेशंटांच्या गाठी वाचायच्या आणि रिपोर्टावर सही करायच्या. डोळ्यांत तेल घालून काम केलं. हळूहळू त्या धंद्यात त्यांचं नाव पुन्हा घेतलं जाऊ लागलं, आधी दबक्या आवाजात, मग सरळ. पन्नाशीला आल्या तेव्हा अवघड गाठ असली की दूरदूरचे लोक म्हणत, "तळघरातल्या बाईंना दाखवा."

आणि अशातच एके दिवशी संपादकांचा निरोप आला: एक निबंध तपासून द्याल का?

छापण्याआधी निबंध दोन-तीन जाणकारांकडे गुपचूप तपासायला जातो, आणि कोणी तपासला हे लिहिणाऱ्याला कळत नाही, अशी रीत आहे. जवळच्या माणसाने तपासू नये, असाही नियम आहे. पण कागदोपत्री सरांचं आणि भिंगबाईंचं काही नातंच नव्हतं. जिथे ते दिसलं असतं तिथून सरांनीच नाव पुसलं होतं! हो, निबंध सरांचाच होता. सर आणि जावई, जोडी तीच.

त्यात म्हटलं होतं, की काही गाठींच्या डीएनएमध्ये एक 'सौम्य खूण' सापडते. सी या अक्षराच्या जागी टी, इकडे तिकडे विखुरलेले. ज्यांच्या गाठीत ही खूण, त्यांचा कॅन्सर सहसा परतत नाही. तेव्हा अशा पेशंटांना ऑपरेशननंतर केमो देऊच नये, फुकट हाल कशाला? जुन्या गाठींवर सापडलेली ही खूण त्यांनी दुसऱ्या हॉस्पिटलच्या नव्या गाठींवरही पडताळली होती. दोन्हीकडे तोच निकाल.

भिंगबाईंनी निबंध एकदा वाचला. चहा केला. पुन्हा वाचला. जुन्या गाठी म्हणजे त्यांच्याच गाठी, क्रमांकसुद्धा तेच ठेवले होते. आणि त्या क्रमांकातला शेवटचा आकडा हा वार होता. सोमवार एक, मंगळवार दोन. गाठ कोणत्या वारी कापली ते कळावं म्हणून त्यांनी ही पद्धत पाडली होती, आणि त्यांना हाकलल्यावर त्या आकड्याचा अर्थ विचारायचं कोणाला सुचलं नव्हतं. खूण असलेल्या गाठींचे क्रमांक त्यांनी खाली खाली पाहत नेले. पाच. पाच. पाच. मधेच एखादा दोन. पुन्हा पाच.

भिंगबाई खुर्चीत मागे टेकल्या आणि हसत सुटल्या. शेजारच्या धुलाईखान्यातली बाई बघायला आली.

गाठ कापली की फॉर्मलिनच्या बरणीत टाकतात, म्हणजे ती सडत नाही. दुसऱ्या दिवशी काढून तिचा मेणात ठोकळा करतात. पण शुक्रवारी दुपारनंतर कापलेली गाठ तशीच सोमवारपर्यंत पडून राहते, कारण शनिवार-रविवार ठोकळे करणारं कोणी नसतं; बुधवारी सण आला, तर कधी मंगळवारचीही. आणि फॉर्मलिनमध्ये फार भिजलं की डीएनएची अक्षरं बिघडतात. पाणी सांडून शाई फुटावी तशी. सी चा टी दिसायला लागतो. रक्त तर ताजंच घेतलेलं, त्यात हा बिघाड नाही, म्हणून मशीनला वाटतं, बदल गाठीतला आहे. सोमवारी त्या बरण्या भिंगबाईंनीच उचलल्या होत्या. आतला तुकडा खोडरबरासारखा घट्ट झालेला असायचा.

मग ही खूण असलेले पेशंट बरे का होतात? तर मोठे सर्जन शुक्रवारी सोपी, लहान गाठींची ऑपरेशनं घेतात, म्हणजे सुट्टीत कोणी बोलवायला नको. हलक्या गाठी शुक्रवारी कापल्या जातात, शुक्रवारच्या गाठी फॉर्मलिनमध्ये मुरतात, आणि मुरलेल्या गाठींत खूण दिसते. दुसऱ्या हॉस्पिटलातही तेच, कारण सर्जन इथूनतिथून सारखे. सरांनी कॅन्सरचं रहस्य शोधलं नव्हतं. त्यांनी शनिवार-रविवारची सुट्टी शोधली होती.

पण एखादीची वाईट गाठ चुकून शुक्रवारी कापली गेली, तर? खूण दिसणार, आणि तिची केमो बंद होणार. हेही भिंगबाईंना तेव्हाच कळलं. कळलं नाही असं त्यांनी पुढे कधी स्वतःलासुद्धा सांगितलं नाही.

घरी आई होती. ऐंशी पार, दात नाहीत, जीभ मात्र धारदार. वीस वर्षं ती रोज सकाळी देवाला हात जोडून आधी सगळ्यांचं भलं मागायची आणि मग सरांपुरती दुरुस्ती करून घ्यायची.

"सापडला मेला?" सगळं ऐकून तिने टाळीच वाजवली. "आता कळव त्या संपादकाला. चांगलं ठणकावून लिही."

"कळवलं तर काय होईल माहितेय?" भिंगबाई म्हणाल्या. "संपादक गुपचूप त्यांना कळवतील. ते गुपचूप निबंध मागे घेतील. चार महिन्यांनी नवा लिहितील, आणि वर फॉर्मलिनचा शोधही आपणच लावला म्हणतील. झाकली मूठ. मला नाही झाकायचीय. मी छापू देणार आहे."

"छापू देणार?"

"छापू दे, गाजू दे, हार घालू देत. चांगले उंच चढले की मग सगळ्या जगासमोर. मला समितीसमोर उभं केलं होतं ना? तसंच."

आईने टाळीचे हात खाली घेतले. "आणि तोवर ज्या बायांना ते औषध नाही मिळायचं, त्यांचं गं?"

"माझ्या हॉस्पिटलातल्यांना मी बघेन."

"आणि दुसरीकडच्या?"

"आई, वीस वर्षं मला कोणी बघितलं?"

 आईने टीव्हीचा आवाज मोठा केला.

भिंगबाईंनी अहवाल लिहिला. काम चोख आहे, लिहिलं. निष्कर्ष पटण्याजोगे आहेत, लिहिलं. दोष आढळला नाही. भिंग म्हणून जन्म गेला, त्यात एवढा एकच अहवाल त्यांनी खोटा लिहिला, आणि खरं सांगायचं तर लिहिताना त्यांना लग्नघरासारखं वाटत होतं.

निबंध गाजला. कानठळ्या बसाव्यात इतका गाजला. वर्तमानपत्रांत सरांचा फोटो, मागे जावई छाती काढून. मोठमोठ्या हॉस्पिटलांनी खुणेची टेस्ट सुरू केली. जागतिक परिषदेने सरांना सन्मानाचं भाषण करायला बोलावलं. भिंगबाईंनी त्याच सत्रात एक निबंध पाठवला, शीर्षक मुद्दाम असं की वाचणाऱ्याला जांभई यावी: गाठी जतन करण्याच्या पद्धती आणि त्यांचे परिणाम. तो मंजूर झाला. बोलायची वेळ मिळाली ती सरांच्या लगेच नंतरची.

आता फक्त थांबायचं होतं.

पण टेस्ट त्यांच्याही हॉस्पिटलात आली. त्यांनी वचन पाळलं. शुक्रवारची गाठ आली आणि खूण दिसली की त्या लिहायच्या: नमुना खराब, निष्कर्ष देता येत नाही. मग त्या पेशंटला नेहमीसारखी केमो मिळायची. सरळ सांगितलं असतं, तर बातमी परिषदेआधी सरांच्या कानावर गेली असती.

वरच्या मजल्यावर कॅन्सरच्या पेशंटांना बघणारी डॉक्टरीण वयाने त्यांच्याहून बरीच लहान होती आणि त्यांना ताई म्हणायची. त्या तळघरात आपण होऊन चहाला येणारी तेवढी एकच. ती एक दिवस तणतणत खाली आली.

"ताई, पुन्हा खराब? लोक काय म्हणतात माहितेय? म्हणतात, तळघरात नळ्यांचा घोळ होतोय."

"म्हणू देत."

"म्हणू देत काय? मी भांडले त्यांच्याशी! म्हटलं, ताईंच्या हातून घोळ होणं शक्य नाही. तुम्ही का काही बोलत नाही?"

समितीपुढे सरांनी ठेवला होता तोच हा ठपका. पण आता थोडेच दिवस राहिले होते. "बिस्किट घे," त्या म्हणाल्या.

परिषदेला महिना उरला असताना डॉक्टरीण परत आली. या वेळी नाचतच.

"ताई, मावशी सुटली! मी सांगितलं नव्हतं का, मावशीला गाठ निघाली म्हणून? अहो, तिनेच मला वाढवलंय, आई गेल्यावर. मी इतकी घाबरले होते, गाठ मोठी होती, दिसायला वाईट होती. पण तिच्या तिकडच्या हॉस्पिटलने टेस्ट केली आणि खूण निघाली! केमो नाही. आजपासून ती बागेत फिरायला जातेय."

भिंगबाईंनी कप खाली ठेवला. "ऑपरेशन कोणत्या वारी झालं होतं?"

"वार? शुक्रवारी बहुतेक. हो, शुक्रवारीच. सर्जनची आधीची तारीख चुकली, म्हणून ऐनवेळी घातलं. का हो?"

घरघर चालली होती. शेजारची यंत्रं चादरी पिळत होती.

"सहज," भिंगबाई म्हणाल्या.

ती गेल्यावर त्यांनी फोन जवळ ओढला. एक फोन. एवढंच लागत होतं. डॉक्टरीण मग गप्प बसली नसती, आणि बसायचं कारणही नव्हतं. दोन दिवसांत सरांपर्यंत पोचलं असतं, आणि सर हात जोडून, दुःखी आवाजात, आपणच आपली चूक जाहीर करून मोठे झाले असते. महिनाभराने काय बिघडतं, असं त्यांनी स्वतःला विचारलं. काय बिघडतं हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं. तरी फोन केला नाही.

परिषदेच्या सभागृहात हजारभर माणसं होती. सर बोलले. म्हातारे झाले होते, पण आवाज तोच. टाळ्या थांबता थांबेनात. मग भिंगबाई उठल्या. डॉक्टरीण पुढच्या रांगेत बसली होती. ताईंचं पहिलं मोठं भाषण म्हणून रजा काढून आली होती.

भिंगबाईंनी घाई केली नाही. आधी बरणी दाखवली. मग शाई फुटलेली अक्षरं. मग वार. सोमवार ते गुरुवार खूण जवळजवळ शून्य, आणि शुक्रवारचा खांब पडद्याच्या वरच्या कडेपर्यंत. सभागृहात आधी कुजबुज झाली, मग ती थांबली. एकच हलकी गाठ घेऊन, तिचे तुकडे त्यांनी एक दिवस आणि तीन दिवस भिजवले होते: पहिल्यात खूण नाही, दुसऱ्यात आहे. "ही खूण कॅन्सरची नाही," त्या म्हणाल्या. "ही सुट्टीची आहे." कोणीतरी हसलं. जावयाचा चेहरा पांढराफटक पडला. भिंगबाईंनी तो नीट बघितला, हावऱ्यासारखा बघितला, कारण त्याच्यासाठीच त्या आल्या होत्या. बाबा असते तर, असंही एकदा वाटून गेलं.

सरांनी माईक मागितला. सगळे माना वळवून बघू लागले.

"भिंगाचं बरोबर आहे," सर म्हणाले. "एक शब्द चुकीचा नाही. ती नळ्या बदलत नाही. तेव्हाही बदलल्या नव्हत्या. मी खोटं बोललो होतो."

वीस वर्षं ज्या वाक्याची वाट बघितली ते इतक्या सहज आलं, की भिंगबाईंना ते धरून ठेवता येईना.

"मला एकच विचारायचंय," सर पुढे म्हणाले. "तपासणाऱ्यांची नावं सुचवायची मुभा लेखकाला असते. मी संपादकांना तुझं नाव दिलं होतं. चूक असली तर ती फक्त तुला सापडेल, दुसऱ्या कोणाला नाही, म्हणून. जावयाचा विरोध होता. मी म्हटलं, ती माझा द्वेष करते, पण कामात खोटं करणार नाही. मग अहवाल आला. दोष आढळला नाही, असं होतं त्यात. तुझी वाक्यं मी ओळखतो गं, मीच शिकवलीत. तिला सापडली नाही म्हणजे चूक नाहीच, असं धरून मी छापायला दिलं. तो अहवाल तुझा होता का?"

नाही म्हणता आलं असतं. नावं गुप्तच असतात, कोणी सिद्ध करू शकलं नसतं. पण समोर हजार माणसं होती, आणि खोटं बोलण्याचा सराव भिंगबाईंना नव्हता.

"हो," त्या म्हणाल्या.

"तेव्हा तुला हे माहीत होतं?"

"हो."

सर खाली बसले. त्यांना आणखी काही विचारायचं नव्हतं. आता त्यांच्याकडे कोणी बघतही नव्हतं.

पुढच्या रांगेत डॉक्टरीण उभी राहिली होती. तिला माईक नको होता, ती दोन हातांवर तर होती.

"आपले ते खराब नमुने," ती म्हणाली. "ते शुक्रवारचे होते."

"हो गं. आपल्या पेशंटांना मी—"

"तुम्ही मला वार विचारला होता, ताई."

 बाबांचा प्रश्न, वीस वर्षं, समिती, जावई, सगळी उत्तरं भिंगबाईंकडे तयार होती. एकही तिच्यासाठी नव्हतं.

डॉक्टरिणीने पर्समधून फोन काढला आणि तिथेच, सगळ्यांकडे पाठ करून लावला. पलीकडून मावशीने काहीतरी चेष्टा केली असावी, कारण ती हसली. मग तिने तो आवाज काढला. समजुतीचा, हलका, दिलाशाचा. वरच्या मजल्यावर दार लोटून ती ज्या आवाजात पेशंटांना वाईट बातमी द्यायची, तो. भिंगबाईंनी तो कितीदा ऐकला होता.

"नाही गं मावशी, घाबरण्यासारखं काही नाही," ती म्हणत होती. "फक्त आजच निघून ये. आज. नाही, उद्या नको."